मुलं बोलतात, पण त्यांच्या वेळेला

आमच्या घरात खरं बोलणं रात्री साडेदहानंतर सुरू होतं. लेक १६ वर्षांची, धाकटा १३चा. दिवसभर दोघांच्या तोंडून "हो", "नाही", "बघू" आणि "काही नाही" एवढंच बाहेर पडतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या "आज काय काय झालं?" विचारलं की हमखास "काही नाही" मिळतं. आणि रात्री, आवराआवर होऊन दिवे मालवायच्या बेताला, कुणीतरी येऊन दारात उभं राहतं. काही काम नसतं. नुसतं उभं राहतं.

माझं ठाम मत झालंय, की या वयातल्या मुलांशी बोलायची वेळ मुलं ठरवतात. आपण त्या वेळेला हाताशी असावं. शाळा, क्लास, मार्क, शिस्त हे सगळं आहेच, पण या चार-सहा वर्षांत आईबापाचं सगळ्यात मोठं काम कोणतं असं मला विचारलं तर मी हेच सांगेन.

रात्रीच का, याला शरीराचं कारण आहे. वयात येताना मुलांचं आतलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारं मेलाटोनिन त्यांच्यात लहान मुलांपेक्षा उशिरा पाझरायला लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. रात्री दहाला आपल्या पापण्या जड होतात तेव्हा ही मुलं टक्क जागी असतात, आणि सकाळी सहाला आपण हाका मारतो तेव्हा त्यांच्या शरीराच्या लेखी अजून रात्रच असते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती यामुळेच. त्यामुळे सकाळी न उठणाऱ्या मुलाला आळशी, ऐदी म्हणणं मला अजिबात पटत नाही. मोबाइल या उशिरात भर घालतो, हेही तितकंच खरं. म्हणून आमच्याकडे रात्री घरातले सगळे मोबाइल, आम्हा मोठ्यांचे धरून, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागतात. हातातला मोबाइल गेला की झोपेपर्यंतचा थोडा वेळ मोकळा उरतो. बोलणं येतं ते त्या मोकळ्या वेळात.

मध्यंतरी एका रात्री मी ओटा पुसत होते. लेक आली. फ्रिज उघडला, बघितलं, बंद केला. परत उघडला. मी पुसत राहिले. मग ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, समज एखाद्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी न सांगता ग्रुपमधून काढून टाकलं, तर तिने काय करायचं?"

ती एखादी मुलगी कोण हे मला कळलं. मला कळलंय हे तिलाही कळलं. अशा वेळी किती प्रश्न एकदम ओठांवर येतात! कोणी काढलं? का काढलं? तू काही बोलली होतीस का? तिच्या आईला फोन करू का? मी फक्त "मग?" म्हटलं. आणि ती बोलायला लागली. कुणाच्या वाढदिवसाचं ठरत होतं, कुणी कुणाचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवला, कोण खरं बोलतंय, कोण दोन्हीकडून बोलतंय. मधूनच थांबायची, नखाने ओट्यावरचा डाग खरवडायची, परत सुरू. मी मध्ये मध्ये "अच्छा", "मग ती काय म्हणाली?" एवढंच म्हणत होते. शेवटी तिचं तिनेच ठरवलं, की त्यांतली एक जण भरवशाची आहे, उद्या तिच्याशी समोरासमोर बोलायचं, मेसेजवर नाही. मला हा उपाय सुचलासुद्धा नव्हता. ऐकणारं माणूस मिळालं की ही मुलं पुष्कळदा स्वतःच वाट काढतात. तीच वाट आपण सुचवली की त्यात सतरा खोटी काढतात.

हे माझ्या एकटीच्या घरापुरतं नाही. २००० साली हॉकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोन संशोधकांनी स्वीडनमधली १४ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचं घराबाहेर काय चाललंय हे आईवडिलांना माहीत असतं ते कशामुळे, हा त्यांचा प्रश्न. तोवर सर्वसाधारण समज असा होता, की पालक लक्ष ठेवतात, चौकशा करतात, नियम घालतात, म्हणून त्यांना कळतं. अभ्यासात दिसलं ते असं, की पालकांना जे कळतं त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. ज्या घरांत पालकांना माहिती जास्त, त्या घरांतली मुलं वाकड्या वाटेला कमी लागतात, हे आधीपासून दिसत आलं होतं. तो संबंधही मुख्यतः या आपणहून सांगण्याशीच जोडलेला निघाला.

म्हणून चोरून मोबाइल तपासणं, वही वाचणं, मित्रमैत्रिणींना गाठून माहिती काढणं याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ऑनलाइन कोण भेटतं, अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं, हे उघडपणे आणि पुन्हा पुन्हा बोलावं. मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका वाटला तर मोबाइल बघावाच, आणि बघितला हे त्याला सांगावंही. पण रोजची पाळत एक ना एक दिवस उघडकीला येते. त्या दिवसापासून आपणहून सांगणं बंद होतं, आणि पाळत ठेवून जेवढं कळत होतं त्याच्या कितीतरी पट जास्त कळायचं राहून जातं.

धाकट्याची तऱ्हा निराळी. तो समोर बसून बोलत नाही, हातात काम असताना बोलतो. एका सुट्टीच्या दिवशी त्याच्या सायकलची चेन उतरली होती. तो आणि त्याचे बाबा खाली बसून चढवत होते, दोघांचे हात ग्रीसने काळे झालेले. मध्येच, मान वर न करता, त्याने विचारलं, "बाबा, माझा आवाज असाच राहणार का?" वर्गात मोठ्याने वाचताना आवाज चिरकला होता, पोरं हसली होती, आणि तेव्हापासून हा वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नव्हता. त्याच्या बाबांनी चेन सोडली नाही. म्हणाले, "नाही रे. गळ्यातलं स्वरयंत्र वाढतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होतायत. नवीन मापाची सवय व्हायला वेळ लागतो. माझाही चिरकायचा." "किती दिवस?" "प्रत्येकाचं वेगळं असतं. काही महिने धर. मग स्थिरावतो. आता पेडल फिरव." पेडल फिरलं, चेन बसली, आणि तो हात धुवायला गेला.

समोर बसवून "आपल्याला जरा बोलायचंय" म्हटलं, की मुलांना ती उलटतपासणी वाटते. शेजारी असलं, नजर दोघांची तिसऱ्याच कशावर असली, की तेच बोलणं सोपं होतं. गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना. मोठ्या माणसांनासुद्धा अवघड गोष्ट डोळ्यांत डोळे घालून सांगता येत नाही, मग मुलांकडून ही अपेक्षा का?

या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांत पुढे आहेत त्या माझ्या सासूबाई. त्या दुपारी शब्दकोडं घेऊन बसतात. धाकटा येऊन त्यांच्या पलंगावर आडवा होतो. त्या दहा-दहा मिनिटं काही बोलत नाहीत. मग एखादा आडवा शब्द त्याला विचारतात. तो चुकीचा सांगतो, त्या "बसत नाही रे" म्हणतात, आणि तेवढ्यात तो त्याच्या मनातलं काहीतरी सांगून मोकळा होतो. त्याला गणिताच्या क्लासला जावंसं वाटत नाही, कारण तिथे एक मोठा मुलगा त्याची टर उडवतो, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. तेही "तुला चालेल का, मी आईला सांगू?" असं त्याला विचारून मगच त्यांनी सांगितलं. मला त्यांचं हे विचारणं फार मोलाचं वाटतं.

कारण सांगितलेलं पुढे कुठे जातं यावर पुढचं सांगणं अवलंबून असतं. रात्री विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी भांडणात बाहेर काढायची नाही, हा आम्ही दोघांनी स्वतःला घातलेला नियम आहे. "त्या दिवशी तूच म्हणाली होतीस ना" हे वाक्य कितीही बरोबर असलं तरी वापरायचं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर, फोनवरच्या गप्पांत मुलांच्या गोष्टी गंमत म्हणून सांगायच्या नाहीत. त्यांच्या लेखी ती गंमत नसते. ही पोस्ट टाकायच्या आधी दोघांना वाचायला दिली. लेकीने एक परिच्छेद काढायला लावला, तो काढलाय. धाकट्याने आवाजाचा किस्सा राहू दे म्हटलं, वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी बरं वाटेल म्हणून.

"मित्रांचं ऐकतात, आमचं नाही" ही तक्रार तर घरोघरी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं होतं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतली आनंदाशी जोडलेली केंद्रं आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होती. १३ नंतरच्या मुलांमध्ये ती अनोळखी आवाजांकडे जास्त वळलेली दिसली. हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. उद्या घराबाहेर पडून अनोळखी माणसांत वावरायचंय, त्याची तयारी मेंदू आधीपासून करतोय. आपला आवाज त्यांना ऐकू येतोच. फक्त आता त्याला स्पर्धा आहे.

मित्रांचा ओढा किती असतो याचं आणखी एक उदाहरण. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकटी खेळताना आणि मित्र बघत असताना १३ ते १६ वयाची मुलं घेत असलेल्या धोक्यांत खूप फरक पडला, मोठ्या माणसांत पडला नाही. म्हणजे घरी शहाण्यासारखं बोलणारं मूल घोळक्यात वेगळं वागलं, तर ते घरी खोटं बोललं असं होत नाही. म्हणून आमच्याकडे एक गोष्ट पक्की आहे. कुठूनही, कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न नाही, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. लेकीचा असा फोन आलाय. "आई, ये ना" एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच काही बोललं नाही. ज्याच्या गाडीतून ती परत येणार होती त्याने दारू घेतली होती, हे दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपणहून सांगितलं.

अशाने मुलं डोक्यावर बसतात असं काही जण म्हणतील. मला तसा अनुभव नाही. मोबाइलचा नियम आहे, घरी यायची वेळ ठरलेली आहे, घरातली कामं वाटून दिलेली आहेत, आणि त्यावरून आमच्याकडे वादही होतात. फक्त ते वाद दिवसा होतात, कामापुरते होतात, आणि मूल मनातलं सांगायला आलेलं असताना कुणी त्याला पसाऱ्यावरून बोलत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री अकरापर्यंत जागायचं कसं? एकट्याने मुलं वाढवणाऱ्याने, रात्रपाळी करणाऱ्याने काय करायचं? हे सोपं नाही, हे मला मान्य आहे. आम्ही दोघं आळीपाळीने जागतो, आणि आजी आहेत म्हणून आमचं पुष्कळ निभावतं. पण हे रोज लागत नाही. मुलं रोज मनातलं सांगत नाहीत. दारात येऊन उभी राहतील त्या रात्री "उद्या बोलू, आता झोप" म्हणायचं नाही, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. आणि हाताशी असणारं माणूस आईबापच असलं पाहिजे असंही नाही. मामा, आत्या, काकू, एखादे शिक्षक, कुणीतरी एक मोठं माणूस असावं, ज्याच्याजवळ मूल घाबरल्याशिवाय बोलेल.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. गप्प बसण्याचेही प्रकार असतात. दार लावून गाणी ऐकणारं, मित्रांशी फोनवर खिदळणारं, आपल्याशी मात्र न बोलणारं मूल या वयाला धरून वागतंय. पण मित्रांशीही बोलणं तुटलं, आवडीच्या गोष्टी सुटल्या, झोप आणि भूक बिघडली, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर "बोलेल तेव्हा बोलेल" म्हणत थांबू नये. १० ते १९ या वयातल्या दर ७ जणांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा विषय आपण काढायचा. "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" हेही सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. आधीपासून असेल तर त्याला तो बोलून दाखवायची मोकळीक मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. एरवीही मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची वेळ घ्यावी आणि सोबत जावं. आत गेल्यावर त्यांनी "मी आधी हिच्याशी एकटीशी बोलते" म्हटलं, तर काही न विचारता बाहेर येऊन बसावं.