‘शिक्षण वाया घालवलंत बाई’ म्हणणाऱ्या वाचकांना

जर्मनीतल्या शिक्षणावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय, की ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच जमा ठेवायचं खातं) आकडा जुना आहे, एकच बाजू दाखवलीय, भाषा शिकून नोकरी कुठे लागते ते सांगितलंच नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘परदेशात भाषाशास्त्र शिकून आता पोरांचे फॉर्म भरून देता, एवढं शिक्षण वाया घालवलंत बाई.’

आकडा चुकला, मान्य. आधी वर्षाला 11,208 युरो होते, 2024 च्या सप्टेंबरपासून 11,904 झालेत, म्हणजे महिन्याला 992. दुरुस्त केलंय, थँक्यू. नोकरी हा त्या लेखाचा विषयच नव्हता, आणि ‘एकच बाजू’ म्हणायला लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो.

पण ‘वाया’? आणि ते ‘बाई’? मी माझ्या नावाने लिहिते, तुम्ही नाव लावलेलं नाही. माझ्या घरात चहाला बसून हे वाक्य तुम्ही बोलला असता का? मतभेद असू देत हो, पण अनोळखी माणसाच्या पंधरा वर्षांवर एका ओळीत फुली मारायची ही कुठली पद्धत?

जर्मनीत माझी पहिली हाउसआर्बाइट, म्हणजे विषयासाठी घरी लिहायचा मोठा निबंध, परत आली तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं, तुमचा प्रश्न काय आहे? पंधरा पानं लिहिली होती मी, माहिती सगळी बरोबर होती, पण प्रश्न नव्हताच, आणि निबंधात ज्याचं उत्तर शोधायचं तो प्रश्न आधी मांडावा लागतो हे मला तोवर कुणी शिकवलंच नव्हतं. रात्रभर रडले. मग लेखनाला मदत करणाऱ्या केंद्रातली एक बाई दोन तास माझ्यासोबत बसली, स्वतः डॉक्टरेट झालेली. तिचं शिक्षण वाया गेलं असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. परत येऊन मी तेच काम धरलं, दुसरं काही जमलं नाही म्हणून नाही.

आणि फॉर्म म्हणजे काय वाटतं तुम्हाला? उदगीरकडचा एक मुलगा, मराठी मीडियमचा, ‘वाइल’ची, म्हणजे जर्मनमधल्या ‘कारण’ची, वाक्यं सारखी चुकवायचा कारण प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचा आणि मग जर्मनमध्ये न्यायचा. त्याला म्हटलं, इंग्रजी सोड, मराठीत बोल. ‘मी उद्या पुण्याला जातो.’ आता ‘वाइल’नंतर बघ, ‘इष मोर्गन नाख पुणे फारऽ’. मी, उद्या, पुण्याला, जातो. क्रम तोच, क्रियापद शेवटी! त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. ‘झी’ आणि ‘डू’ तर त्याला तुम्ही-तू मुळे लगेच कळलं. लिंगं तिन्ही आहेत पण तिथे मराठी फसवते, आपला सूर्य तो, त्यांची ‘डी झॉनऽ’ ती, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, ‘दास मेडशन’. हे सगळं मी भाषाशास्त्रातूनच शिकले ना?

तो जर्मनची बी1 पातळीची परीक्षा पास झाला. आणि हो, फॉर्मही भरला त्याचा, रात्री साडेअकरापर्यंत बसून, कारण आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि पासपोर्टवर दुसरं, एपीएसला, म्हणजे जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या ऑफिसला, फाइल पाठवायच्या आधी ते निस्तरायला हवं होतं आणि त्याच्या घरात हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी टाका, मग बोलू.