वाळवंटातलं पेट्रोल महागच असणार!

'रोडहाऊसवाले (म्हणजे आडरस्त्यावरचे पंप-खानावळवाले) लुटतात' ही तक्रार इथे ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी ग्रुपवर दर सुट्टीत एकदा तरी येतेच. पंपावरच्या पावतीचा फोटो, खाली लालबुंद इमोजी, आणि त्याखाली सगळ्यांचं 'अगदी बरोबर'. यंदा मी उत्तर लिहायला घेतलं, ते एवढं लांबलं की म्हटलं आपल्या भिंतीवरच टाकावं.

विल्यम क्रीकचंच घ्या. साउथ ऑस्ट्रेलियात मरी ते मार्ला असा सहाशे किलोमीटरच्या वर कच्चा रस्ता जातो, ऊडनाडाटा ट्रॅक. मरी सोडलं की दोनशे किलोमीटरवर हे गाव. गाव म्हणायचं आपलं! एक पब, एक पंप, तंबू ठोकायला जागा आणि लेक एअर नावाच्या खाऱ्या तळ्यावरून फिरवून आणणाऱ्या छोट्या विमानांची धावपट्टी. कायमची माणसं बोटांवर मोजावीत इतकी. तिथून कूबर पिडी हे पुढचं गाव आणखी एकशेसाठ-पासष्ट किलोमीटर, आणि मधे पंक्चरवाला नाही, टपरी नाही, मोबाईलला रेंज नाही. भोवताली ॲना क्रीक नावाचं गुरांचं स्टेशन, म्हणजे गुरं पाळायचं रान, १५,००० चौरस किलोमीटरहून मोठं. अख्खा गोवा ३,७०२. म्हणजे चार गोवे मावतील एवढ्या रानात बसून प्यायची जागा एक! गोवेकर मित्रांनी जरा डोळ्यांसमोर आणून बघावं.

आता त्या पंपावर डिझेल येतं कसं? याच रस्त्याने, टँकरमधून. पाऊस झाला की मातीचा चिखल होतो आणि सरकार रस्ताच बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड. त्या दिवसांत गिऱ्हाईक शून्य, पण फ्रीज चालू, वीज चालू, पगार चालू. डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या आसपास, तेव्हाही कुणी फिरकत नाही. वर्षाचा धंदा थंडीच्या चार-सहा महिन्यांत उरकायचा असतो. हे गणित मांडल्यावर ॲडलेड शहरातला भाव तिथे मागणं म्हणजे गडावर चढून पायथ्याच्या भावात लिंबू सरबत मागण्यासारखं आहे.

तिथे गेलो तेव्हा नाशिकचे मामा माझ्यासोबत होते. माळकरी माणूस, पबात पाऊल टाकायला तयार नव्हते. उन्हाने आत आणलं. भिंतींवर आणि छतावर जागा मिळेल तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाचलेली व्हिजिटिंग कार्डं, लायसन्स, टोप्या. मामा मान वर करून वाचतच बसले. काउंटरवरच्या मुलीने त्यांना पिशवी बुडवलेला चहा दिला आणि आम्ही कुठे निघालोय ते विचारलं. मग बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा उलटा करून तिने त्यावर पेनाने रस्ता काढला. इथे ओढ्याने रस्ता खाल्लाय, इथे सावकाश, टायरमधली थोडी हवा काढा नाहीतर खडखडाटाने गाडीचे नटबोल्ट ढिले होतील. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, हिला याचे किती द्यायचे?"

"मामा, तुम्ही चहा घेतलात ना, त्यातच आलं."

माझा मुद्दा एवढाच आहे. तिथे आपण पेट्रोल विकत घेत नाही, तिथे कुणीतरी बसलेलं असण्याची किंमत देतो. आणि आपली मंडळी काय करतात? सहा जण उतरतात, संडास वापरतात, बाटल्या भरून घेतात, पबच्याच सावलीत थेपले सोडतात आणि एक कोकही न घेता निघतात. थेपले माझ्याही डब्यात असतात. पण ते रस्त्यात खावेत हो.

पबचे गोडवे गायला मात्र मी बसलेलो नाही. 'आउटबॅकच्या (म्हणजे इथल्या ओसाड मुलखाच्या) बारमध्ये सगळे सारखे' असलं ऐकलं की मला हसू येतं. हा पब १८८७ चा. इथून जाणाऱ्या जुन्या घान नावाच्या रेल्वेच्या काळातला. त्या भागात माल वाहिला उंटवाल्यांनी. हे उंटवाले सरसकट 'अफगाण' म्हटले गेले, पण त्यांत बलुचिस्तान, पंजाब, सिंधकडचेही होते. मरीला त्यांची वस्ती रुळांच्या पलीकडे ठेवलेली. आणि ही जमीन ज्यांची, त्या अरबाना लोकांसकट साऱ्या मूळ रहिवाशांना दारू विकायला १९६० च्या दशकापर्यंत कायद्यानेच मनाई होती. १९८० मध्ये रेल्वे पश्चिमेकडे हलवली आणि जुना मार्ग बंद पडला. विल्यम क्रीक राहिलं ते रस्त्यावरच्या मोटारगाड्या थांबत राहिल्या म्हणून.

त्या मुलीसारखी काउंटरवरची बरीच पोरं बाहेरच्या देशांतून वर्षभराच्या व्हिसावर आलेली असतात. दुर्गम भागात तीन महिने असं काम केलं की दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांनाही हा व्हिसा मिळू लागलाय, वर्षाला १,००० जागा, सोडतीने. परवा एका ताईंनी विचारलं, "इंजिनिअर पोरगी बारमागे उभी करायची का?" करा की! घरापासून एवढ्या लांब, येईल त्या माणसाशी बोलत, ट्रक आला नाही तर आहे त्यात स्वयंपाक निभावत ती जे शिकेल ते कुठल्या कंपनीत शिकणार? फक्त इथल्या उन्हाळ्यात पाठवू नका. एप्रिलमध्ये आली तर बरं, आणि माश्यांसाठी तोंडावरची जाळी इथे आल्या आल्या घ्यायला सांगा.