जुनी डिस्क केसिंगमध्ये घातली म्हणून नवी होत नाही

‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. आतली हार्ड डिस्क काढा, तीन-चारशे रुपयांचं केसिंग (डिस्क यूएसबीने जोडायचा डबा) आणा, डिस्क त्यात सरकवा, झाली एक्स्टर्नल हार्ड डिस्क.’ अशा अर्थाचा मेसेज सध्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेतल्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो निदान दहा जणांनी पाठवला. त्यात पुढे सहा दावे आहेत. कुठलीही डिस्क कुठल्याही केसिंगमध्ये बसते आणि जुना डेटा लगेच दिसतो. यूएसबी ३ मुळे ती दहापट वेगाने चालते. दुकानातल्या तयार एक्स्टर्नल डिस्कमध्येही हेच असतं, जास्तीचे पैसे कशाला. पेनड्राइव्हसारखी ती कधीही काढता येते. डिस्क आवाज करत असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आणि शेवटी: घरचे सगळे फोटो त्यात टाका, मोबाइल रिकामा करा, निर्धास्त राहा.

मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. केसिंग मी विकतो, बसवूनही देतो. त्यामुळे मूळ कल्पनेशी माझं भांडण नाही. चांगली चालणारी डिस्क भंगारात जाण्यापेक्षा कामी यावी असं मलाही वाटतं. पण या मेसेजवर विसंबून लोक जे करून बसतात ते शेवटी माझ्या टेबलावर येतं, आणि तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

‘कुठलीही डिस्क कुठल्याही केसिंगमध्ये बसते.’

बसत नाही. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, डेस्कटॉपची साडेतीन इंची. फरक नुसत्या आकाराचा असता तर मोठं केसिंग घेऊन भागलं असतं. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि ते यूएसबीच्या वायरीतूनच मिळतात. साडेतीन इंचीच्या मोटरला १२ व्होल्टही लागतात. साधा यूएसबी पोर्ट ते देत नाही, म्हणून तिच्या केसिंगसोबत वेगळा अडॅप्टर येतो आणि तो भिंतीतल्या सॉकेटला लावावा लागतो.

अडीच इंचीतही विजेचं गणित आहेच. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टच्या शेजारी अँपिअरचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. थांबलेली चकती फिरायला लागते त्या क्षणी सगळ्यात जास्त करंट लागतो. पोर्टला तो झेपला नाही तर डिस्क घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘डिस्क गेली.’ तीच डिस्क दोन तोंडांची वायर लावून दोन पोर्टना जोडली, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबला लावली, की सुरळीत चालते.

मग जोडणीची गोष्ट. साटा ही सपाट पट्टीची जोडणी आली २००३ च्या सुमारास. त्याआधीच्या डिस्क आयडीई नावाच्या जुन्या जोडणीच्या: लॅपटॉपच्या डिस्कला ४४ बारीक पिना, डेस्कटॉपच्या डिस्कला ४०. साटाच्या केसिंगमध्ये त्या कितीही जोर लावला तरी जाणार नाहीत. जाडीही बघा. लॅपटॉपच्या डिस्क ७ मिलिमीटरच्या असतात, ९.५ च्या असतात, काही १२.५ च्याही असतात. स्वस्तातलं बहुतेक केसिंग ९.५ पर्यंतच घेतं.

एक गोष्ट मी दर दोन-तीन आठवड्यांनी कुणाला तरी दाखवत असतो. काही जुन्या लॅपटॉपच्या डिस्कच्या तोंडावर कंपनीने एक छोटा प्लास्टिकचा जोड बसवलेला असतो. तो डिस्कचाच भाग वाटतो. त्यासकट डिस्क केसिंगमध्ये जात नाही, मग माणूस जोर लावतो आणि केसिंगची पट्टी मोडते. तो जोड दोन्ही टोकांना नखाने आळीपाळीने थोडा थोडा सैल करायचा आणि सरळ ओढायचा. तिरका ओढायचा नाही. खाली साटाच्या दोन सपाट पट्ट्या दिसतात, एक आखूड, एक लांब. डिस्क केसिंगमध्ये सरकवतानाही सपाट धरून, सरळ.

नव्या लॅपटॉपमध्ये अशा डिस्कच्या जागी बोटाएवढी एम डॉट टू (M.2) पट्टी असते. ती साटा जोडणीची असते किंवा एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. नुसत्या एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये साटाची पट्टी डिटेक्ट होत नाही. दुकानात जाताना पट्टी सोबत घेऊन जा.

जुना डेटा लगेच दिसतो, हेही अर्धंच खरं आहे. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद, असते. कुलूप उघडणारी चिप लॅपटॉपच्या बोर्डवर असते, डिस्कवर नसते. डिस्क केसिंगमध्ये घालून जोडली की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच ती काढून वहीत लिहून ठेवा.

‘यूएसबी ३ मुळे दहापट वेग.’

दहापट वेग वायरीचा आहे. यूएसबी २ चा ४८० मेगाबिट, यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. डिस्कची चकती मात्र आधी मिनिटाला ५,४०० फेरे मारत होती, आजही तेवढेच मारते. लॅपटॉपची जुनी डिस्क सेकंदाला साधारण ८० ते १०० मेगाबाइट वाचते, भरत आली की त्याहूनही कमी. यूएसबी २ वर प्रत्यक्षात ३०-३५ मिळतात. म्हणजे १०० जीबीची मोठी फाइल पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांत जाईल. हा फायदा चांगलाच आहे, पण तो अडीचपट आहे. आणि हजारो लहान फोटो असतील तर डिस्कचा हात सतत जागा शोधत फिरतो, तेव्हा तेवढाही मिळत नाही. वेग हवा असेल तर त्याच केसिंगमध्ये एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, घाला. यूएसबी ३ ची वायर तिच्यासाठी खरी कामाची.

‘तयार एक्स्टर्नल डिस्कमध्येही हेच असतं.’

अनेकदा खरं आहे, पण नेहमी नाही. हा दावा वाचून कुणी आपली चालू एक्स्टर्नल डिस्क फोडायला बसेल, म्हणून सांगतो. काही तयार डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या बोर्डवर जडवलेलं असतं, साटाची पट्टी नसतेच. काहींमध्ये केसिंगचा बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो. मधला बोर्ड काढून डिस्क दुसरीकडे जोडली की विंडोज म्हणतं, ‘फॉरमॅट करा.’ असा प्रश्न समोर आला की हो म्हणू नका, खिडकी बंद करा आणि डिस्क जुन्याच बोर्डवर परत लावा. तसाच गोंधळ दोन टीबीहून मोठ्या डिस्कबाबत होतो. काही केसिंग डिस्कचे सेक्टर (डेटा ठेवायचे लहान कप्पे) कॉम्प्युटरला वेगळ्या मापाने दाखवतात, त्यामुळे एका केसिंगमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यात कोरी दिसते. डेटा जागेवर असतो.

उष्णतेचा मुद्दा तर मेसेजमध्ये नाहीच. बहुतेक डिस्कना कंपनी ६० अंशांपर्यंतची मर्यादा देते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. बंद प्लास्टिकच्या डब्यात साडेतीन इंची, ७,२०० फेऱ्यांची डिस्क दोन तास कॉपी करत राहिली की हात लावून बघा, बोट ठेववत नाही. अशा डिस्कला ॲल्युमिनियमचं किंवा पंखा असलेलंच केसिंग घ्या.

‘पेनड्राइव्हसारखी कधीही काढा.’

हा समज कुठून आला ते मला माहीत आहे. विंडोज १० ने २०१८ च्या एका अपडेटमध्ये बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मुळातच चालू केली, त्यामुळे लिहायचा डेटा मेमरीत रेंगाळत ठेवला जात नाही. पण कॉपी चालू असताना वायर ओढली तर ही सोय उपयोगाची नाही. डिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर आणखी वाईट, कारण अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद ती पद्धत ठेवत नाही, विंडोजची एनटीएफएस पद्धत ठेवते.

आणि पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं. डिस्कमध्ये चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. वीज अचानक गेली की डिस्क फिरत्या चकतीच्या उरलेल्या जोरावर हेड कसंबसं बाजूला नेते. ती सोय अडचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. ‘सेफली रिमूव्ह’ करा, वायर काढा आणि दहा-पंधरा सेकंद डिस्क टेबलावरून हलवू नका. माझ्याकडे मेलेल्या ज्या डिस्क येतात त्यांतल्या कितीतरी फिरत असतानाच उचलून बॅगेत टाकलेल्या असतात. अडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क असेल आणि घरी लाइट जात असेल, तर तिला इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या बोर्डवर जागा द्या.

‘आवाज येत असेल तर फ्रीजमध्ये ठेवा.’

कृपा करून ठेवू नका. बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी गार धातूवर जमतं, बोर्डवरही आणि आतही. टिकटिक करणारी डिस्क म्हणजे हेड जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. हेड खराब असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते चकतीवर ओरखडे काढण्याचा धोका असतो. डेटा मोलाचा असेल तर डिस्क पुन्हा जोडूच नका, स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेच द्या. माझ्यासारख्या दुकानदाराने तिचं झाकण उघडायलाही नकार दिला पाहिजे, आणि मी देतो.

‘सगळे फोटो त्यात टाका, मोबाइल रिकामा करा, निर्धास्त राहा.’

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी केसिंग घेऊन आले. ‘फोटो उघडतात, पण खूप वेळ लावतात,’ म्हणाले. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी मेसेजप्रमाणेच सगळं केलं होतं. जुन्या लॅपटॉपची ५०० जीबीची डिस्क, नवं केसिंग, आणि मोबाइलमधले व घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो कट करून त्यात पेस्ट. मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, साडेएकोणीस हजारांच्या पुढे. रोज आठ तास धरले तरी ही डिस्क साडेसहा वर्षं फिरलेली. खाली सी-फाइव्हच्या ओळीत पिवळा ठिपका, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघत असलेले सेक्टर. केसिंग चकाचक होतं, निळ्या दिव्याचं. गुरुजींनी तीन वेळा विचारलं, ‘पण हे तर नवीन आहे ना?’

दोन दिवस लावून मी जमेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर ओढलं. बहुतेक फोटो आले. एका फोल्डरमध्ये मात्र कितीतरी फोटो वरून अर्धे आणि खाली नुसता राखाडी रंग. त्यांच्या मंडळींच्या साठीच्या कार्यक्रमाचे. चेहरे वर आहेत, ओवाळणारे हात राखाडीत गेलेत.

केसिंग म्हणजे दुभाष्या. साटाची भाषा यूएसबीत बदलून देणारा एक चिमुकला बोर्ड, बाकी डबा. आतल्या डिस्कचं वय तो एका दिवसानेही कमी करत नाही. आणि लॅपटॉप भंगारात निघाला तेव्हा ही डिस्क आधीच म्हातारी झालेली असते. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत सापडलेली चूक, आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी आपल्या तब्येतीच्या सगळ्यात भरवशाच्या चार आकड्यांत कसलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे पिवळा ठिपका दिसला तर पळा, आणि निळा, म्हणजे सगळं ठीक असल्याचा, दिसला तरी एकाच डिस्कवर विसंबू नका.

जुनी डिस्क वापरायचीच तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन आकडे बघा: पाच नंबरचा, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि सी-फाइव्ह. दोन्ही शून्य हवेत. काही केसिंगचे बोर्ड हे आकडे पुढे पाठवतच नाहीत, मग डिस्क लॅपटॉपमध्ये असतानाच बघून घ्या. नंतर सिनेमे, सॉफ्टवेअर, एका मशिनमधून दुसऱ्यात न्यायचा डेटा, यासाठी ती खुशाल वापरा. फोटोंसाठीही वापरा, पण दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणून. कट नाही, कॉपी. आणि एक प्रत घराबाहेर हवी. एसएसडीही वर्षानुवर्षं कपाटात विनाविजेची ठेवायची वस्तू नाही. खूप वापरून झिजलेली असेल तर तिच्यातला डेटा ३० अंशांत विजेशिवाय वर्षभर टिकावा, एवढीच साध्या एसएसडीसाठीच्या मानकाची अट आहे.

गुरुजींच्या त्या केसिंगमध्ये आता नवी डिस्क आहे. दुसरी तशीच नाशिकला मुलीकडे असते. दिवाळीला ती माहेरी येते तेव्हा घेऊन येते, आणि दुकानात बसून आम्ही दोन्हींवर वर्षभराचे फोटो चढवतो.