विमानानं ढग पळवले नाहीत काका, आणि तुमचा मीटरपण बोगस नाही

नमस्कार काका, कमेंट वाचली. कडक आहे, पण मुद्द्याची आहे म्हणून सविस्तर लिहितो. हवेतल्या कणांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की पाऊस पाडायच्या प्रयोगासाठी सोलापूरजवळ केगावला शास्त्रज्ञांनी रडार लावलं, विमानं फिरवली आणि होते ते ढगपण घालवले. तुमच्या घरच्या हवा मोजायच्या मीटरवर पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पहाटे चढतो आणि मे महिन्यात भर दुपारी वावटळ सुटलेली असताना उतरतो, म्हणजे सगळे आकडेच बोगस. आणि तुमचे वडील जन्मभर सोलापूरची धूळ खाऊन ८५ वर्षं जगले.

आधी विमानाचं. पुण्याच्या आयआयटीएमचा (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) कायपीक्स हा ढग आणि पावसावरचा प्रयोग २००९ पासूनचा, सोलापूरचा टप्पा बराच नंतरचा. सोलापूरच का, तर आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलोय, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो आणि आपल्याला सहा-सातशेवर भागवावं लागतं. काळेभोर ढग येतात आणि तसेच पुढं निघून जातात हे तर आपण विमानं यायच्या कितीतरी आधीपासून बघतोय की!

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणावर धरलेला असतो. हवेत बारीक कण फार झाले की तेवढंच पाणी जास्त जणांत वाटलं जातं, थेंब बारीकच राहतात, आणि बारीक थेंब एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. पावसाच्या एका थेंबाला ढगातले साधारण १० लाख थेंब लागतात, ते जमायच्या आत ढग विरूनपण जातो. विमानाच्या पंखाला ज्या नळकांड्या होत्या त्यातनं मुख्यतः कॅल्शियम क्लोराईडचे कण निघतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, हे त्याहून हावरट. ढगाच्या बुडाशी जिथं हवा वर चढत असते तिथं ह्या नळकांड्या पेटवायच्या, मग हे कण वर जाऊन भराभर पाणी ओढतात, मोठे थेंब होतात आणि ते बारक्यांना गिळत खाली येतात. यात ढग पळवायला काय आहे ओ?

आणि प्रयोगाची पद्धत मला सगळ्यात भारी वाटली. पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले आणि त्यातले बरेचसे मुद्दाम तसेच सोडले, कुठला सोडायचा ते कुणाच्या मर्जीवर न ठेवता. न फवारलेला ढग तुलनेला नसेल तर पाऊस पडला तरी विमानामुळं आणि नाही पडला तरी विमानामुळं, काहीही म्हणता येतं (आपल्याकडं म्हणतातच). निष्कर्ष २०२३ मधे छापून आला, वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या १०० चौरस किमीत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. तेपण ढग मुळात चांगला असेल तर, आणि नुसत्या ह्यानं दुष्काळ हटणार नाही हे त्यांनीच सांगून टाकलंय. तुम्ही म्हणता तसे अनुदान खाणारे असते तर सरासरी ५० टक्के तरी छापली असती राव.

आता मीटर. तुमचा छोटा मीटर कणांचं वजन करत नाही, लेझर मारून प्रकाश किती विखुरला ते बघतो आणि त्यावरून अंदाजानं मायक्रोग्रॅम सांगतो. पहाटे दमट हवेत पाणी ओढणारे कण फुगतात (बघा, ढगातलीच गोष्ट खाली अंगणात), मीटरला ते जाडजूड दिसतात आणि आकडा चढतो. पण सगळी चूक मीटरची नाही, पहाटे धूर खरंच जास्त असतो कारण जमिनीलगत गार हवा बसून राहते आणि चुलीचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, उसाच्या पाचटाचा धूर खालीच कोंडतो. दुपारी ऊन तापलं की हवा दोन-तीन किलोमीटरपर्यंत घुसळते आणि तोच धूर पातळ होतो. मग वावटळीची धूळ कुठं गेली? ती बहुतेक २.५ मायक्रॉनहून मोठी, आणि स्वस्त सेन्सरला मोठे कण नीट पकडताच येत नाहीत, स्क्रीनवर पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) लिहिलेलं असलं तरी. सरकारी स्टेशनवरच्या मशीनमधे हवा आत घेतानाच गरम करून ओल घालवतात, कण पट्टीवर जमवतात आणि बीटा किरण किती आरपार गेले त्यावरून वजन काढतात. जुळणार कसे आकडे?

वडिलांना माझा नमस्कार. पण रानातल्या काळ्या मातीची जाड धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते, बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि ते जास्त करून जाळण्यातून येतात. अमेरिकेत सहा शहरांतल्या आठ हजारांवर लोकांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९९३ ला छापलंय, सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहराच्या २६ टक्के वर निघालं, सिगारेटचा वगैरे हिशोब धरून. एका माणसाच्या ८५ वर्षांनी हे खोडता येत नाही.

धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारायचं नाटक म्हणालात, तिथं मात्र मी तुमच्या बाजूनं. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर आहे, पण शहरांची प्रगती मोजतात ती पीएम १० वर, मग पैसा धुळीमागं जातो आणि धूर राहतो बाजूला.

मीटर फेकू नका. पहाटेचा आकडा पहाटेशी आणि दुपारचा दुपारशीच लावून बघा, आणि आकड्याशेजारी हवेतली ओल किती होती तेपण लिहून ठेवा, ८० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशीचा आकडा धरूच नका.