अल्टरनेटर 'ओके' सांगितला आणि गाडी बंद पडली, त्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी वागळे इस्टेटचं दुकान उघडल्यावर आधी त्या दिवशीची वही बघितली मग लिहायला बसलो. तुम्ही म्हणता आम्ही अल्टरनेटर (इंजिन चालू असताना गाडीला वीज देणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) टेबलावर फिरवून 'ओके' सांगितला, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) जुनेच ठेवून 900 रुपये घेतले आणि चौथ्या दिवशी रात्री पावसात घोडबंदर रोडवर गायमुखला गाडी बंद पडली, दुसऱ्या मेकॅनिकने खोलला तर डायोड प्लेट (अल्टरनेटरचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारी पट्टी) गेलेली. लहान मुलीला घेऊन दीड तास उभ्या होतात, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

टेस्टमध्ये चूक आमचीच. तुमच्या भावाने अल्टरनेटर सुटा आणला होता, दुकानात गर्दी, दुकानातल्या पोराने मोटरवर चढवला, लोडला हेडलाइटचे दोन बल्ब लावले, मीटरवर 14.2 व्होल्ट आले, पाच मिनिटांत उतरवला. आता दोन बल्ब म्हणजे जेमतेम 10 अँपिअर, तेवढं एखादा डायोड गेलेला अल्टरनेटरही देतो. पावसात रात्री हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन सगळं एकदम चालू, 30-40 अँपिअर सहज लागतात, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक, इंजिन आयडलवर, बॉनेटखाली नुसती भट्टी. गरम झाल्यावर मान टाकणारा डायोड थंड असताना पकडता येत नाही. कमी पडलेला करंट मग बॅटरीतून जातो, बॅटरी उतरली की गाडी उभी. बॅटरीचा दिवा का नाही लागला विचारलंय, तर थोडंफार चार्जिंग चालू असलं की बऱ्याच गाड्यांत तो लागतच नाही. जास्त लोडवर चांगला तापेपर्यंत फिरवून मीटर एसी व्होल्टच्या सेटिंगवर टाकायला हवा होता, डायोड गेला की थोडा एसी करंट तसाच बाहेर येतो, तो अर्धा व्होल्टच्या वर दिसला की डायोडवर संशय घ्यायचा. पोराला दोष देत नाही, 'ओके' मीच म्हणालो होतो. आता वीस मिनिटं फुल लोडवर फिरवल्याशिवाय अल्टरनेटर टेबलावरून खाली उतरत नाही.

कार्बनचं मात्र मान्य नाही ताई. नवीन घातलेत. जुने झिजून नखाएवढे राहिले होते, एक तर तिरका घासलेला, दोन्ही पाकिटात घालून भावाच्या हातात दिलेत, त्यांना विचारून बघा.

टेस्टिंगचे 300 परत देतो, डायोड प्लेटची मजुरी जी भरली असेल तीही देतो, बिल घेऊन या, सोमवार सोडून कधीही. आणि जुनी प्लेट फेकली नसेल तर सोबत आणा, नेमका कुठला डायोड गेला ते मला पोराला दाखवायचंय.