चवळी, पाला आणि मक्याचा ब्रेड: सांगलीच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

‘मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतो’ असं तुम्ही हक्कानं लिहिलंत, तेव्हा मीही काकाच म्हणते. इथल्या, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या, साध्या घरगुती जेवणावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा देते. काकांचं म्हणणं असं: चवळीची उसळ, पालेभाजी आणि मक्याची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय, त्यात नवीन काय? त्यातही फोडणी नाही, हळद नाही, मसाला नाही, म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. पाला तासभर शिजवून त्यातलं सत्त्व घालवलेलं. मूळ पदार्थात डुकराचं हाड, मी घातला टर्कीचा पंख, मग पारंपरिक कशाला म्हणायचं? वर ‘गुलामांच्या जेवणाचं एवढं कौतुक कशाला?’ आणि शेवटी, सूनबाईंनी माझ्या कृतीनं मक्याचा ब्रेड केला तो दगडासारखा झाला.

त्या दगडापासूनच सुरुवात करते, कारण चूक माझी आहे. मी नुसतं ‘मक्याचं पीठ’ लिहून मोकळी झाले. इथे जे मिळतं ते जाडसर, बारीक रव्यासारखं दळलेलं असतं. आपल्याकडे मक्याच्या भाकरीसाठी दळतात ते पीठ मऊ असतं. ते सगळं पाणी ओढून घेतं आणि भाजल्यावर घट्ट बसतं. आणि दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते तर निव्वळ मक्याचं सत्त्व, सूप दाट करायचं. ते इथे कामाचंच नाही. सूनबाईंना सांगा, दोन वाट्यांतली दीड वाटी मक्याचा रवा घ्या आणि अर्धी वाटी मक्याचं ते मऊ पीठ. त्यात एक चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर. एक अंडं आणि दीड ते पावणेदोन वाट्या ताक. हे ताक आपल्या पातळ ताकासारखं नको. आंबटसर दही थोड्याच पाण्यात घुसळलेलं, पळीवरून सावकाश पडेल असं. सोडा फुलतो तो त्या आंबटपणावर. रवा ताकात दहा मिनिटं भिजू दिला की कचकच लागत नाही.

पण याहून मोठी गोष्ट मी गाळली होती, ती म्हणजे तापलेला तवा. माझ्या शेजारी एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘यस मॅम’, ‘नो मॅम’ असंच बोलते, आपण थोरांना अहो-जाहो करतो तसं. हे जेवण मी त्यांच्याच ओट्याशी उभं राहून शिकले. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा बिडाचा खोलगट तवा आहे, तेल पिऊन पिऊन काळाभोर आणि आरशासारखा तुकतुकीत झालेला. त्यात तीन चमचे चरबी घालून तो रिकामाच ओव्हनमध्ये ठेवतात, सव्वादोनशे अंश सेल्सियसला. चरबी धुरकटायला लागली की तवा बाहेर, त्यातली बरीचशी चरबी पिठात, आणि लगेच सगळं पीठ तव्यात. त्या क्षणी चर्रर्र असा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा मी ओतलं तेव्हा आवाज आला नाही. आजींनी काही न बोलता वाडगा माझ्या हातातून घेतला, पीठ पुन्हा त्यात काढलं, तवा पुसला आणि परत तापत ठेवला. पाच मिनिटांनी म्हणाल्या, ‘आता ओत.’ त्या आवाजातच खालचा कुरकुरीत पापुद्रा धरतो. थंड तव्यात ओतलं तर पीठ तेल पीत बसतं. वीस-पंचवीस मिनिटांत कडा सुटतात. मग तवा ताटावर उपडा करायचा, म्हणजे खालची तांबूस बाजू वर येते.

साखर? इथे या प्रश्नावरून सख्ख्या बहिणींत वाद होतात. आजी घालत नाहीत, म्हणून मीही घालत नाही.

आता फोडणी. काका, इथे मला तुमच्याशी ठामपणे असहमत व्हायचंय. या स्वयंपाकात फोडणी आहे, फक्त ती शेवटी वरून पडत नाही, आधी पाण्यात उतरते. धुरावलेल्या मांसाचा तुकडा, कांदा, लसूण आणि सुकी लाल मिरची पाण्यात घालून ते पाणी आधी पाऊण तास उकळतात. मांस सुटायला लागलं, पाण्याला धुराचा आणि मिठाचा वास आला की मगच चवळी किंवा पाला आत जातो. मीठ, धूर, चरबी आणि वेळ, एवढाच मसाला. तिखट-आंबट ताटावर येतं: हिरव्या मिरच्या विनेगरमध्ये मुरवलेली बाटली इथल्या टेबलावर असतेच. त्यातलं विनेगर पाल्यावर शिंपडलं की आपल्याला लिंबू पिळल्याचं सुख मिळतं. धणे-जिरे नाहीत म्हणून जेवणाला पथ्याचं म्हणायचं, तर आपलं मेतकूट-भात आणि तूपही पथ्यातच जाईल, आणि ते तुम्ही स्वतः आवडीनं खात असाल याची मला खात्री आहे.

हा पाला म्हणजे कॉलर्ड. कोबीच्याच कुळातला, पण गड्डा न धरणारा. काश्मिरी लोक ज्याला हाक म्हणतात तो हाच. पानं हत्तीच्या कानासारखी जाड असतात, मधला दांडा कातड्यासारखा चिवट. मेथी-पालकाचा हिशोब त्याला लावून चालत नाही. चार पाण्यांतून धुवायचा, कारण शिरांत वाळू अडकते. दांडे ओढून काढायचे, पानं एकावर एक ठेवून विडीसारखी गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद चिरायची. कडाक्याची थंडी पडून गेल्यावर हा पाला गोड लागतो. तासभर शिजवल्यानं ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, तेवढं तुमचं बरोबर. पण पाण्यात उतरणारं जे काही उतरतं ते खाली राहिलेल्या हिरव्या रसात असतं, आणि तो रस कुणी ओतून देत नाही. त्याला पॉट लिकर म्हणतात. नावात लिकर असलं तरी दारूशी संबंध नाही. तो वाटीत घेऊन पितात, ब्रेडबरोबर खातात. आमच्या घरी पाल्यापेक्षा त्याच्यावरच जास्त उड्या पडतात. तुमच्याकडे कॉलर्ड मिळणार नाही, पण नवलकोलचा किंवा मुळ्याचा पाला अगदी चालेल. इथेही सलगमाचा आणि मोहरीचा पाला असाच शिजवतात.

टर्कीच्या पंखाचं म्हणाल, तर तो बदल माझा नाही. आमच्या घरी डुकराचं मांस शिजत नाही हे खरं. पण आजींच्या स्वतःच्या घरात कैक वर्षांपूर्वी, यजमानांचा रक्तदाब वाढला तेव्हा, डुकराचं हाड गेलं आणि धुरावलेली टर्की आली. इथल्या असंख्य घरांत असंच झालंय. तुमच्या शाकाहारी घरासाठी सांगते: चवळी शिजली की पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात निखारा, निखाऱ्यावर थेंबभर तूप, आणि लगेच झाकण. धुरी मुरू द्या. चव तीच येणार नाही, पण धूर हवा तिथे पोचेल.

आता ज्या वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते वाक्य: ‘गुलामांच्या जेवणाचं कौतुक’. हो, हे त्यांचंच जेवण आहे. आणि माझ्या मूळ लेखात मी ‘दक्षिणेतल्या लोकांचं जेवण’ असं मोघम लिहून ते सांगायचं टाळलं, याची मला खंत वाटते. चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेची. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, आणि गुलामांच्या व्यापारातून अटलांटिकपार अमेरिकेला गेली. तुमच्या डब्यातली चवळी आणि आजींच्या पातेल्यातली चवळी एकाच माहेरच्या. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँडमध्ये गुलामीतच जन्मले. त्यांनी १८४५ साली लिहून ठेवलंय की मोठ्या माणसाला महिन्याचा शिधा म्हणजे आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल (धान्याचं एक मोठं माप) मक्याचं पीठ. भाजी नाही, दूध नाही. त्या शिध्याला खोपटामागच्या तुकड्यात लावलेला पाला आणि चवळी जोडून ज्या बायकांनी पोटभर, चवदार जेवण उभं केलं, त्यांची नावंसुद्धा बहुतेकांची कुठे लिहिलेली नाहीत.

तो पाला आणि ती चवळी जिथे ताटातून गेली तिथे काय झालं, तेही नोंदलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या गरीब कुळांच्या आणि गिरणी कामगारांच्या, काळ्या आणि गोऱ्या दोघांच्याही, ताटात मका, चरबी आणि काकवी एवढंच उरलं. जमीन सगळी कापसाखाली गेली होती. त्यातून पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. तो जंतूंचा रोग समजला जायचा. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की दोष आहाराचा आहे. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावानं होतो, आणि मक्यातलं नायसिन शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात म्हणून त्यांना ते मिळतं. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांतही हा रोग आढळला होता. मक्यात जे कमी पडतं ते चवळी आणि पाला भरून काढतात, म्हणून हे तीन पदार्थ एकत्र मांडलेलं ताट मला फार शहाणं वाटतं.

आणि काका, ‘गुलाम’ हा शब्द आपल्याकडे हिणवायला वापरावा असं मला वाटत नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या माणसांना. त्या काळात, पुण्यात बसून, त्यांना या लोकांचं दुःख आपलं वाटलं होतं. मी तर त्यांच्या नातवंडांच्या शेजारी राहते, त्यांच्या हातचं खाते.

खायचं कसं, हेही तुम्ही विचारलं होतंत. १९३१ साली यावरून वर्तमानपत्रात वाद रंगला होता. लुइझियाना राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर ह्युई लाँग म्हणत, मक्याचा ब्रेड पॉट लिकरमध्ये बुडवूनच खावा. अटलांटाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाचं म्हणणं, छे, कुस्करूनच. आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे माझं मत कुणीकडे ते सांगायला नको. आजीही कुस्करतात.

सूनबाईंचा दगड अजून टाकला नसेल तर टाकू नका. इथे उरलेला शिळा ब्रेड रात्री उंच ग्लासात कुस्करतात, वर थंडगार ताक ओततात आणि चमच्यानं खातात. ताक-कण्या खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. चिमूटभर मीठ घाला, पाच मिनिटं भिजू द्या, आणि कसं लागलं ते मला कळवा.