रोलिन्सला तक्रारखोर म्हणण्याआधी 'थिंक टँक' ऐका

अमेरिकन पंक गायक हेन्री रोलिन्स गाणं सोडून माइकसमोर नुसता बोलायला लागला की विनोदी कमी आणि तक्रारखोर जास्त वाटतो, हे एका लेखातलं मत अजिबात पटलं नाही. १९९८ चा 'थिंक टँक' हा दोन सीडींचा लाइव्ह अल्बम ऐका. 'ब्लॅक फ्लॅग' या पंक बँडमध्ये घसा फाडून ओरडणारा हा माणूस इथे स्वतःचीच यथेच्छ टर उडवतो. तयार विनोद फेकत नाही. किस्सा लांबवतो, फाटे फोडतो, मध्येच वेग वाढवतो. लोकांचं हसू ओसरायच्या आत पुढचं वाक्य आलेलं असतं. (हेडफोन लावूनच ऐका, गाडीत अर्धं निसटतं.) पाल्हाळ आहे, नाही असं नाही. ग्रॅमी मिळालं ते 'गेट इन द व्हॅन' या त्याच्या अल्बमला, पण ते बँडच्या दौऱ्यांच्या डायरीचं वाचन. हसायचं असेल तर तिथून सुरुवात नको.